कुदळीवर टेकून: दीर्घकाळच्या कामाचा आणि मोबदल्याचा आढावा घेणारा सात कार्डांचा टॅरो स्प्रेड

सेव्हन ऑफ पेंटॅकल्स या टॅरो कार्डावर एक तरुण कुदळीच्या लांब दांड्यावर टेकून उभा आहे. शेजारी हिरवंगार झुडूप, त्यावर सहा नाणी फळांसारखी लगडलेली आणि सातवं नाणं त्याच्या पायाशी. त्याने काम थांबवलंय, पण फळं तोडायलाही हात घातलेला नाही. नुसता बघतोय. चेहऱ्यावर समाधान आहे की थकवा, हे ज्याचं त्याने ठरवावं असं ते चित्र आहे.

पाच-सात वर्षं एकाच कामात घालवलेल्या माणसावर ही वेळ येतेच. पीएचडी, दुकान, क्लास, गाणं, बाग, नोकरीतली बढती, काहीही असो. कष्ट तर चालू आहेत, पण त्यांचं चीज होतंय का? हा प्रश्न रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सुटत नाही, कारण तेव्हा मन एकतर स्वतःची कीव करतं नाहीतर स्वतःला समजावतं. खाली दिलेला स्प्रेड, म्हणजे कार्डांची ठरावीक मांडणी, याच एका प्रश्नासाठी आहे. त्यात भविष्य सांगायचं नाही. सात चित्रं समोर ठेवून, घातलेलं आणि मिळालेलं यांच्याकडे सात बाजूंनी बघायचं. त्यामुळे त्याची खरी तयारी कार्डांना हात लावण्याआधी, वहीत होते.

कोणता डेक घ्यावा

रायडर-वेट-स्मिथ डेक (म्हणजे टॅरो कार्डांचा कॅट) किंवा त्याच धर्तीवर काढलेला कोणताही डेक चालेल. कारण साधं आहे. टॅरोमध्ये २२ मेजर (डेथ, द सन अशी स्वतःचं नाव असलेली) आणि ५६ मायनर (पत्त्यांसारखी चार प्रकारांत विभागलेली) कार्डं असतात. मार्सेयसारख्या जुन्या पद्धतीच्या डेकमध्ये मायनरमधल्या एक ते दहा आकड्यांच्या कार्डांवर नुसती नाणी, पेले, तलवारी आणि काठ्या मांडलेल्या असतात. त्यावर माणसं नाहीत, प्रसंग नाही. या स्प्रेडमध्ये आपण 'चित्रातला माणूस काय करतोय' यावरून पुढे जाणार आहोत, त्यामुळे प्रत्येक कार्डावर प्रसंग हवा. पेंटॅकल्स म्हणजे आपल्या पत्त्यांतली चौकट, कप्स म्हणजे बदाम, स्वोर्ड्स म्हणजे इस्पिक आणि वाँड्स म्हणजे किल्वर, एवढं लक्षात ठेवलं तरी नवख्याला पुरतं. चौकट पैसा, शरीर आणि हाताने केलेलं काम दाखवते, बदाम भावना, इस्पिक विचार आणि बोलणं, किल्वर उमेद.

ही चित्रं काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथ यांची हकीकत या विषयाला अगदी लागून आहे. गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून त्यांनी हा अख्खा डेक रंगवला, तो १९०९च्या डिसेंबरात लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला. त्याच्या महिनाभर आधी न्यूयॉर्कचे छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात की एक मोठं काम नुकतंच हातावेगळं केलं, पण पैसे फारच थोडे मिळाले. पुढे हाच डेक जगभर गेला. स्मिथ मात्र १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी हलाखीत वारल्या. कार्डांच्या कोपऱ्यात त्यांच्या आद्याक्षरांची वेलबुट्टीसारखी सही आहे. स्प्रेड मांडताना ती एकदा शोधून बघाच. काम आणि मोबदला यांचा हिशेब मांडायला घेतलेली ही चित्रं स्वतःच अशा एका न जुळलेल्या हिशेबातून आली आहेत.

नवा डेक असेल तर कार्डं मोजून घ्या. बऱ्याच डेकमध्ये एक-दोन जादा कार्डं असतात, कोरी किंवा माहितीची. ती बाजूला काढली नाहीत तर नेमकी मांडणीत येतात.

आधी वही

एक पान घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा. काम कोणत्या महिन्यात, कोणत्या साली सुरू केलं. आठवड्याला खरोखर किती तास जातात. गेल्या बारा महिन्यांत पैसे किती गेले, किती आले. आणि पैशाव्यतिरिक्त काय मिळालं, तेही मोजता येईल अशा शब्दांत. 'खूप शिकलो' असं नको. 'तीन विद्यार्थी विशारदपर्यंत पोचले', 'दोन शोधनिबंध छापून आले' असं हवं. याला पंधरा मिनिटं लागतात आणि नेमकी हीच पंधरा मिनिटं लोक टाळतात. आकडे नसतील तर पुढची सात कार्डं आपल्याला हवं तेच बोलतात. मनात निराशा असेल तर 'द सन' कार्डातला सूर्यसुद्धा रखरखीत दिसतो.

तासांच्या बाबतीत जरा थांबा. जवळजवळ प्रत्येक जण फक्त 'कामावरचे' तास लिहितो. प्रवास, फोन, उधारी मागायला घातलेल्या खेपा, रविवारचा हिशेब, दुसऱ्या दिवसाची तयारी हे सगळं सुटतं. ते वेगळ्या ओळीत लिहा, पुढे लागणार आहे.

मग प्रश्न लिहा. 'मला यश मिळेल का?' हा प्रश्न या स्प्रेडला चालत नाही. त्याचं उत्तर हो किंवा नाही असतं आणि ते कार्डांकडे नसतं. 'माझ्या साहेबांना माझी किंमत कधी कळेल?' हाही नको, कारण तो साहेबांबद्दलचा प्रश्न आहे. चालणारा प्रश्न साधारण असा असतो: 'या कामात मी काय घालतेय, काय मिळतंय आणि यातलं मी काय बघत नाहीये?' त्यात कामाचं नाव आणि वर्षं घाला. एका वेळी एकच काम. नोकरी आणि संसार एकाच मांडणीत घातलेत तर कोणतं कार्ड कशाचं, याचाच गुंता होतो.

पिसणं आणि मांडणं

सेव्हन ऑफ पेंटॅकल्स डेकमधून आधीच बाहेर काढा. ते या स्प्रेडचं नायक-कार्ड, ते काढून मिळालेलं नाही, आपण ठेवलेलं आहे. उरली ७७.

टॅरोची कार्डं मोठी असतात, साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. रमीच्या कॅटसारखी ती भर्रकन पिसता येत नाहीत, कडा मात्र दुमडतात. हातात धरून वरची-खालची करत राहिलात तर मागच्या वेळची कार्डं गठ्ठ्यानेच एकत्र राहतात आणि मग 'मला सारखं तेच कार्ड येतं' असं वाटू लागतं. सगळी कार्डं टेबलावर पालथी पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल गोल कालवा आणि गोळा करा. असं दोनदा केलं की पुरे. कालवताना काही कार्डं उलटी, म्हणजे डोकं खाली अशी, फिरतील आणि काही जण त्यांचा वेगळा अर्थ लावतात. या स्प्रेडमध्ये ती सरळ करूनच वाचावीत असं आमचं ठाम मत आहे. सात जागांपैकी एक जागा मुळातच अडचणीची आहे. त्यात उलट्या कार्डांचे अर्थ मिसळले की नवखा माणूस सगळीच मांडणी नकारात्मक वाचून उठतो.

जागा दोन फूट बाय दीड फूट तरी हवी. नायक-कार्ड उजवीकडे, मधल्या ओळीत ठेवा. आता मूळ चित्रासारखंच झुडूप मांडायचं: एक नाणं पायाशी, सहा झाडावर. पहिलं कार्ड नायकाच्या खाली. बाकीची सहा त्याच्या डाव्या बाजूला दोन-दोनच्या तीन ओळींत. झाड खालून वर वाढतं, म्हणून मांडणीही खालून वर. खालच्या ओळीत डावीकडे दुसरं, उजवीकडे तिसरं. मधल्या ओळीत चौथं आणि पाचवं. वरच्या ओळीत सहावं आणि सातवं. सगळी आधी पालथी मांडा, मग एकेक उघडा.

सात जागा

पहिली जागा 'पायाशी'. जे पदरात पडलेलं आहे ते. हे कार्ड वाचताना वहीतली मिळकतीची ओळ शेजारी ठेवा.

दुसरी 'घाम', म्हणजे सगळ्यांना दिसणारे कष्ट. तिसरी 'मूळ', म्हणजे जमिनीखालचे, कोणी न मोजलेले कष्ट. आपणही न मोजलेले. मघाशी वेगळ्या ओळीत लिहिलेले तास इथे कामाला येतात. या दोन जागांमधला फरक ज्याला सापडला, त्याचा निम्मा स्प्रेड वाचून झाला.

चौथी जागा 'मोहर'. जे लागलंय पण अजून फळ झालेलं नाही. कोकणात आंब्याचा मोहर बघून कोणी पेट्या मोजत नाही. त्यातल्या फार थोड्या फुलांचा आंबा होतो. इथे टेन ऑफ पेंटॅकल्स किंवा द सन आलं तरी त्याला वचन समजू नका. प्रश्न एवढाच विचारा: सध्या चालू असलेलं, अजून पैसे किंवा नाव न दिलेलं, असं माझ्या कामात नेमकं काय आहे? एक नाव, एक चौकशी, एक अर्धवट मसुदा, जे असेल ते.

पाचवी जागा 'बांडगूळ'. झाडावर वाढतं, झाडाचाच रस पितं आणि लांबून हिरवंच दिसतं. या जागेवर लोक सर्वांत जास्त अडखळतात, कारण लगेच एखाद्या माणसाचं नाव आठवतं: भागीदार, सासू, वरिष्ठ. तसं नाव आलं तरी पुढे लिहा, 'आणि यात मी काय चालू ठेवतो?' या जागेवर चांगलं समजलं जाणारं कार्ड आलं तर ते फार बोलकं असतं. उदाहरणार्थ, थ्री ऑफ पेंटॅकल्स, जिथे कारागीर मठात काम करतोय आणि दोघे जण नकाशा घेऊन उभे आहेत. ते इथे आलं तर दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम काम करण्यात आपला किती वेळ जातो, हे बघा.

सहावी 'नजर'. मोबदला म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते. सातवी 'हात': पुढच्या तीन महिन्यांत करायची एक गोष्ट. छाटणी, खत, काढणी किंवा काही न करता राखण. थांबून राहणं हेही काम आहे, पण तसं ठरवलं तर 'कोणत्या तारखेपर्यंत' ते लिहावं लागेल.

पुस्तिका नंतर

कार्ड उघडलं की लगेच डेकसोबतची पुस्तिका उघडू नका. प्रत्येक कार्डाला दोन मिनिटं द्या आणि तीन गोष्टी लिहा. चित्रातला माणूस शरीराने काय करतोय, तो कुठे बघतोय, त्याच्या हातात काय आहे. अर्थ नाही, फक्त दिसतं ते. 'फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स: दोन माणसं बर्फातून चाललीत. एक कुबड्यांवर आहे. वर रंगीत काचेची उजळलेली खिडकी आहे, तिच्याकडे दोघांचंही लक्ष नाही.' एवढं लिहिलं की पुस्तिकेतला 'दारिद्र्य' हा शब्द वाचल्यावर माणूस घाबरत नाही, कारण खिडकी आधीच दिसलेली असते.

डेथ आणि द टॉवर या कार्डांची भीती याच पद्धतीने जाते. डेथमध्ये घोड्यावरच्या सांगाड्यामागे, दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. दीर्घकाळच्या कामात ते बहुतेक वेळा 'याचा हंगाम संपला' एवढंच सुचवतं. एखादा जुना अभ्यासक्रम, तोट्यातली शाखा, न चालणारा पदार्थ.

सात कार्डं लिहून झाली की ओळी जोडीने वाचा. घाम आणि मूळ. मोहर आणि बांडगूळ. नजर आणि हात. शेवटी एक तिरकी जोडी, पहिलं आणि सहावं: पदरात काय आहे आणि डोळ्यांसमोर काय आहे. मग एकच वस्तू दोन कार्डांवर दिसते का ते शोधा. तराजू, पाणी, कुत्रा, पाठमोरा माणूस. अशा पुन्हा दिसणाऱ्या वस्तूवर एक ओळ नक्की लिहा.

पेंटॅकल्सचं एकही कार्ड आलं नाही म्हणून 'या कामात पैसाच नाही' असा निष्कर्ष काढू नका. नायक-कार्ड बाजूला काढल्यावर डेकमध्ये १३ पेंटॅकल्स उरतात. ७७ मधून सात उचलली तर साधारण चारातून एकदा त्यांतलं एकही येत नाही, हा साधा गणिताचा भाग आहे. मेजर कार्डं सरासरी दोन येतात. चार किंवा जास्त येणं दहात एकदा घडतं. तेव्हा तीन मेजर आली म्हणून दैव बोलतंय असं समजायचं कारण नाही.

एक मांडणी जवळून

समजा, ठाण्यात एका बाईंचा पोळीभाजीच्या डब्यांचा व्यवसाय आहे, सहा वर्षं झाली. रोज ३५ डबे, डब्याला ११० रुपये, महिन्याला २६ दिवस. म्हणजे १,००,१०० रुपये येतात. किराणा, भाजी, गॅस, मदतनीस आणि पोचवणं मिळून ७२,००० जातात. उरतात २८,१००. पहाटे ५ ते दुपारी १ असे आठ तास त्यांनी लिहिलेत, म्हणजे महिन्याला २०८ तास आणि तासाला १३५ रुपये. वेगळ्या ओळीत मात्र संध्याकाळचे दोन तास आहेत: भाजी आणणं, निवडणं, उद्याचं ठरवणं, हिशेब. ते धरले की २६० तास होतात आणि तासाचे १०८ रुपये उरतात.

पायाशी सिक्स ऑफ पेंटॅकल्स आलं. व्यापारी एका हातात तराजू धरून गुडघ्यावर बसलेल्यांना नाणी देतोय. पहिला प्रश्न असा की यात मी कोण, देणारी की हात पसरलेली? घाम म्हणून नाइन ऑफ वाँड्स, डोक्याला पट्टी बांधलेला पहारेकरी. मूळ म्हणून द हर्मिट, रात्री कंदील धरून एकटा उभा असलेला म्हातारा. संध्याकाळचे ते दोन तास हेच. त्या तासांत स्वयंपाकघरात दुसरं कोणी नसतं. मोहराच्या जागी थ्री ऑफ वाँड्स, समुद्रातल्या गलबतांकडे बघणारा माणूस. एका ऑफिसने २० डब्यांची चौकशी करून ठेवली आहे, अजून होकार नाही. बांडगूळ म्हणून फोर ऑफ पेंटॅकल्स: एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली. हा माणूस हलूच शकत नाही. तीन वर्षांत दर वाढवलेला नाही, गिऱ्हाइकं तुटतील या भीतीने. नजर म्हणून टेन ऑफ कप्स, इंद्रधनुष्याखाली उभं कुटुंब. म्हणजे डोळ्यांसमोर पैशाचा ढीग नाही, घरच्यांसोबतची एक मोकळी संध्याकाळ आहे. आणि ती संध्याकाळ हर्मिटने खाल्लेली आहे. हाताच्या जागी जस्टिस: उजव्या हातात उभी तलवार, डाव्या हातात तराजू.

तराजू दोनदा आला. पहिल्या कार्डात तो दुसऱ्याच्या हातात आहे, सातव्यात आपल्या. इथवर चित्रांनी आणलं. पुढचं काम आकड्यांचं. दर १२० केला आणि तीन गिऱ्हाइकं गेली, तर ३२ × २६ × १२० म्हणजे ९९,८४० रुपये. येणारी रक्कम जेमतेम २६० रुपयांनी कमी आणि तीन डब्यांचं सामान व श्रम वाचले. एकही गिऱ्हाईक गेलं नाही तर महिन्याला ९,१०० जास्त, ज्यातून संध्याकाळच्या कामाला दोन तासांची मदतनीस ठेवता येते का ते बघता येईल. 'हात'च्या ओळीत काय लिहायचं ते आता स्पष्ट आहे: येत्या १ तारखेपासून दर १२०, निरोप पंधरा दिवस आधी.

निर्णय जस्टिसने दिला नाही, हे ध्यानात ठेवा. त्या कार्डाने नजर दराकडे वळवली, दर मात्र गुणाकाराने ठरला. कर्ज काढणं, नोकरी सोडणं, जमीन विकणं असल्या गोष्टी सातव्या कार्डावर सोडू नयेत. तिथे 'हात'ची ओळ 'या आठवड्यात सीएला कागद दाखवणे' अशी असली पाहिजे.

कुठे बिघडतं

सर्वांत मोठा घोळ म्हणजे पुन्हा काढणं. आवडलं नाही म्हणून आठवं, नववं, दहावं कार्ड 'खुलाशासाठी' उचललं जातं आणि हवं ते चित्र मिळाल्यावर हात थांबतो. त्याचा अर्थ उत्तर आधीच ठरलेलं होतं. एखादं कार्ड अजिबात उमगलं नाही तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. एक दिवस न समजलेलं कार्ड चालतं.

दुसरं, वेळ. नकाराचं पत्र हातात आलं त्याच संध्याकाळी, किंवा वेतनवाढीची यादी लागली त्या दिवशी मांडायला बसू नका. आठवडा जाऊ द्या. पाऊण तास मोकळा हवा आणि फोन दुसऱ्या खोलीत.

तिसरं, दुसऱ्याच्या कामाची मांडणी त्याला न विचारता करणं. नवऱ्याच्या दुकानाची, मुलीच्या अभ्यासाची. त्यांचे तास तुमच्या वहीत नाहीत, मग 'मूळ' कुठून वाचणार? त्यांना हवं असेल तर शेजारी बसवा आणि लेखणी त्यांच्याच हातात द्या.

तीन महिन्यांनी

मांडणीचा वरून एक फोटो काढा, पानावर तारीख घाला आणि तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्याला एकदा केलं तर फार होतं. कामात तेवढं काही बदललेलंच नसतं आणि माणूस कार्डांच्या फरकाला कामातला फरक समजू लागतो.

त्या दिवशी आधी जुनं पान उघडा. आकड्यांची चार ओळींची नोंद नव्याने करा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. 'मोहर' म्हणून लिहिलेल्या गोष्टीपुढे एक शब्द: धरला, गळला किंवा अजून आहे. सलग तीन वेळा, म्हणजे नऊ महिने, 'अजून आहे' आलं तर त्या गोष्टीला मोहर म्हणणं बंद करा आणि पुढच्या मांडणीत ती 'बांडगूळ'च्या जागी धरून वाचा.

मग 'हात'ची ओळ बघा. ते काम झालं असेल तरच नवी सात कार्डं काढा. झालं नसेल तर डेक पिसूच नका. ते एकच जुनं कार्ड डेकमधून शोधून सेव्हन ऑफ पेंटॅकल्सच्या शेजारी ठेवा, बाकीची कार्डं डबीत घाला आणि वहीत लिहा: काय आड आलं, आणि नवी तारीख कोणती.